बंडप्पाचा हात

"उठला! हात उठला!"

बेंबळीच्या पारावर माणसं एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती. अर्धांगानं लुळा पडलेला कापडवाला बंडप्पा चौरंगावर बसलेला, आणि त्याचा मेलेला उजवा हात हळूहळू छातीपर्यंत चढत होता. समोर धुनीपाशी भस्मेबुवा तोंड वासून घुमत होते. निजामाच्या अमलातलं गाव. दवाखाना लांब, बुवा जवळ.

"अंगात मुंजा हाय," बुवा बजावायचे. "रडतोय तो मुंजा! रडू देऊ नका, बोलू देऊ नका, हात चोळू नका. आन् दर सोमवारी इथं आणायच्या आदल्या राती झोपू देऊ नका. मुंजा दमला पायजे!"

बंडप्पाच्या बायकोनं, इरम्मानं, सगळं पाळलं. नवऱ्याला हुंदका फुटला की ती त्याच्या तोंडात पदराचा बोळा कोंबायची. तो नुसता तिच्याकडं बघत राहायचा. पावसाळा सरला. बोटं वळून तळव्यात रुतली, तरी पारावर हात उठायचाच.

एका दुपारी घरीच बंडप्पानं मोठी जांभई दिली आणि हात वर आला. ना धुनी, ना मंतर. जांभई सरली, हात पडला. इरम्मानं ते पाहिलं. पटकीची लस टोचायला गावात आलेल्या वीरभद्र डॉक्टरांना तिनं गाठलं.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांना सोबत आणून ती पारावर बुवांच्या आधीच नवऱ्यासमोर बसली.

"बुवा, आज तुमी गप ऱ्हावा."

तिनं लांबलचक जांभई दिली. बघून बंडप्पालाही आली. हात उठला.

"आता ह्या बाईला कोणता मंतर येतो?" डॉक्टरांनी गर्दीला विचारलं. "मेंदूतली रक्ताची नळी तुंबली की अंग लुळं पडतं, रडू आवरत नाही. अशा काहींचा हात जांभईसरशी आपोआप वर येतो. बुवांनी तेवढंच हेरलं. जांभई यावी म्हणून ते जागरण, म्हणून हे तोंड वासणं!"

"गावावर कोप व्हईल!" म्हणत बुवांनी झोळी उचलली.

"हात बरा व्हईल का?" इरम्मानं विचारलं.

डॉक्टरांनी वळलेली बोटं चाचपली. "पहिल्यापासून हलवला असता, तर कदाचित... आता रोज हलवा. आधार देऊन चालवा. मीठ कमी, तंबाखू बंद. आणि रडू आलं तर रडू द्या, बोलू द्या."

इरम्मा नवऱ्याच्या पायाशी बसली. "लई तोंड दाबलं म्या तुमचं."

बंडप्पाचे ओठ वाकडे हलले. "भ्या... भ्या वाटतं."

"मला बी," ती म्हणाली, आणि दोघं गावादेखत रडली.

पुढं बंडप्पा काठी टेकत चालू लागला, तुटकं बोलू लागला. उजवा हात मात्र कायमचा गेला. म्हणून सांगणं एवढंच: चमत्कार दिसला की तो कशानं घडला, ते आधी विचारावं. उत्तर मिळेपर्यंत कुणापुढं हात जोडू नयेत.