राखीची वेणी

मला मूल नाही, आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी हळूच विचारायला नको. गावातल्या बायका विचारतात आणि मग "शाळेतली लेकरं तुमचीच तं हायेत" म्हणून समजूत घालतात. ती समजूत ऐकली की माझं डोकं फिरतं.

मी धामणगाव बढेहून रोज स्कूटीवर शाळेत येते. दुसरीचा वर्ग माझ्याकडे, पहिलीपासून तोच. गेल्या वर्षी त्यातल्या राखीची आई तापानं गेली आणि राखीचं बोलणंच बंद झालं. डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे, धीर धरा. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिच्यासमोरच विचारलं, "मुकी आहे का ही?" मी म्हटलं, "साहेब, तिला ऐकू येतं. जरा जपून बोला." पुढं साहेबांनी माझ्या वर्गाला काय शेरा दिला ते विचारू नका.

ती सगळ्यांच्या आधी यायची आणि केस मोकळे सोडून माझ्या टेबलाशी उभी राहायची. मी तिला मांडीवर घ्यायची, तेल लावून वेणी घालायची आणि बोलत राहायची. भाजीत मीठ जास्त पडलं, स्कूटी बंद पडली, काहीही. कधीतरी ही बोलेल, आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलेल, अशी आस लावून बसले होते. खोटं कशाला सांगू? तो पहिला शब्द मला हवा होता.

उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी, भागवतनं, दुसरं लग्न केलं. देऊळघाटची प्रेरणा, वयानं लहानच. शाळा उघडली तरी राखीचे केस मोकळेच. मनातल्या मनात मी त्या प्रेरणाला काय काय बोलले असेन! सावत्र ती सावत्रच. एकदा भागवतला रस्त्यात गाठून सुनावलंसुद्धा. "पाहतो मॅडम" म्हणून तो निघून गेला.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी आम्ही शाळेत भुलाबाई मांडतो. मुली गाणी म्हणतात, मग घरोघरचे डबे येतात. डबा उघडायचा नाही. आणणारीनं नुसता वाजवायचा आणि आतला खाऊ मुलींनी ओळखायचा. त्या दिवशी गडबडीत राखीची वेणी राहून गेली होती, म्हणून गाणी चालू असताना मी तिला मांडीवर घेऊन केस विंचरत होते. तेवढ्यात प्रेरणा स्वतः डबा घेऊन आली. मी तिला बस म्हटलं नाही.

तिनं डबा वाजवला. "गोड हाय," एवढंच म्हणाली. लाडू, करंज्या, शंकरपाळे, सगळं सांगून झालं. मुली हरल्या. आणि माझ्या मांडीवरून आवाज आला, "सांजोऱ्या!"

जरा घोगरा, पण खणखणीत. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. माझा हात तिच्या केसांतच राहिला.

प्रेरणा हसली. "काऊन सांगतलं वं? घरच्यानं वयखायचं नसते. सकाळी संगंच तं लाटल्या आपन!"

"ही घरी बोलते?" मी विचारलं.

"हाव मॅडम. पोळ्याच्या सणापासून बोलून राह्यली. आता तं तोंडच बंद होत नाई. शाळेत बी बोलतच असंन ना?"

मला राग आला. आनंद व्हायला हवा होता, पण आला तो रागच. "मग केस तरी विंचरून पाठवत जा लेकीचे," मी म्हणाले.

प्रेरणाचं हसू गेलं. "मी रोज दोन वेण्या घालून देतो मॅडम, रिबिनी बांधून." तिची नजर आता राखीच्या केसांवर गेली. "वाटंनं सोडतं का वं तू?"

राखीनं मान खाली घातली. मी तिची हनुवटी वर केली. "का गं सोडतेस? आणि माझ्याशी का बोलत नाहीस?"

"बोलली तं तुम्ही मले मांडीवर घेसान नाई," ती म्हणाली. "बोलनाऱ्या पोरींले तुम्ही नाई घेत."

खरंच होतं ते. बोलणाऱ्या एकाही पोरीला मी कधी मांडीवर घेतलं नव्हतं.

तिला घट्ट धरून रडावंसं वाटलं. पण प्रेरणा दारातच उभी होती, डबा छातीशी धरून, आपलंच काही चुकल्यासारखी. मी राखीला खाली उतरवलं. "जा, आईजवळ बस. मॅडम सगळ्या मुलींच्या असतात, एकीच्या नसतात."

राखी गेली. प्रेरणा खाली बसली, तिला पुढ्यात घेतलं आणि मी अर्धवट सोडलेली वेणी घालायला लागली. राखीनं तिथूनच मोठ्यानं विचारलं, "अन् मॅडम, घरी गेल्यावर तुम्ही कोनाच्या?"

वर्षभर मी जिच्या एका शब्दाची वाट पाहिली, तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. सगळ्या मुली माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"चला," मी म्हटलं, "पुढचा डबा कोणाचा आहे?"