बशीखालची चिठ्ठी

सकाळी साडेदहाला कुकरची दुसरी शिट्टी झाली, तेव्हा त्या घरची सून ओट्याशी उभी राहून एका पक्षाध्यक्षाची खुर्ची ओढत होती. एका हातानं भाजी परतायची, दुसऱ्या हातानं पाठकोऱ्या कागदावर लिहायचं. "पक्ष बाबांनी उभा केला, दादा. पण तो पडत होता तेव्हा तू कुठे होतास?" एवढं लिहून तिनं गॅस बारीक केला. रोज रात्री आठला अख्खं गाव टीव्हीसमोर बसवणारी, वारलेल्या नेत्याच्या मुलामुलीतल्या सत्तेच्या भांडणाची ती मालिका अशी शिजत होती.

मालिकेच्या सुरुवातीला मात्र 'लेखक' म्हणून नाव झळकायचं तिच्या सासऱ्यांचं. सगळे त्यांना 'सर' म्हणत. सरांनी एकेकाळी चांगलं लिहिलं, ते कोणी नाकारत नाही. पण गेल्या चार वर्षांत त्यांच्याच्यानं एक वाक्य धड पुरं होत नव्हतं. मालिका त्यांच्या नावावर मिळाली आणि तिसऱ्या भागापासून ती सुनेच्या गळ्यात पडली. ती लिहायची, नवरा कॉम्प्युटरवर उतरवून चॅनेलला पाठवायचा. लोक म्हणायचे, "या वयातही सरांच्या लेखणीला काय धार आहे!" धार! डोंबलाची धार. सरांना पेनाचं टोपण कुठे ठेवलं ते आठवत नव्हतं.

चॅनेलच्या बाई चर्चेला यायच्या, त्या दिवसाची घरात एक रीत होती. बाई विचारायच्या, "सर, पुढे काय?" सर डोळे मिटायचे. "सांगतो. आधी चहा होऊ दे." आतून ऐकणारी सून उत्तर चिठ्ठीवर लिहायची आणि सरांच्या बशीत, कपाखाली ठेवून आणायची. सर कप उचलत, चिठ्ठी वाचत आणि मांडीवर थाप मारत. "सुचलं!"

आज बाई मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचं ठरवायला येणार होत्या. म्हणून सकाळी चहाच्या वेळीच सुनेनं विषय काढला होता.

"नव्या पर्वाला माझं नाव लागलं पाहिजे," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबांच्या खाली लागलं तरी चालेल."

"डोकं फिरलंय का तुझं? बाबांचं हसं होईल."

"माझं दोन वर्षं होतंय, ते?"

सासूबाईंनी कप आपटला. "घरचं काम आहे ते. मी जन्मभर भाजी केली, पातेल्यावर नाव घातलं का कधी?"

"आई, तुमची भाजी बाबांनी केली असं कोणी छापत नव्हतं."

सर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "लिहिणं वेगळं आणि लेखक असणं वेगळं, बाळ." हे वाक्य ज्याला पटेल त्यानं खुशाल मला येऊन समजावून सांगावं. माझं तर ऐकूनच डोकं उठलं.

चारला बाई आल्या. सोफ्यावर बसता बसता म्हणाल्या, "सर, मुलगी अध्यक्ष झाली. आता दुसऱ्या पर्वात तिच्याविरुद्ध कोण उभं राहणार?"

सरांनी डोळे मिटले. "सांगतो. आधी चहा होऊ दे."

चहा आला. सरांनी कप उचलला. बशी कोरी होती. त्यांनी कप ठेवला, पुन्हा उचलला, खाली वाकून बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "तिचा... तिचा काका उभा राहील."

"काका तर चाळिसाव्या भागात गेला, सर."

 नवरा बायकोकडे डोळे वटारत होता. ती ट्रे घेऊन तिथेच उभी राहिली.

"तिच्याविरुद्ध तिची आई उभी राहील," ती म्हणाली. "मुलासाठी. सगळी मालिका मी लिहिते, बाई. तिसऱ्या भागापासून. पुढचीही मीच लिहीन, पण माझ्या नावानं."

बाई दचकतील असं तिला वाटलं होतं. बाईंनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

"मला माहीत आहे हो. पहिल्याच महिन्यात तुमच्या हातून कपांची अदलाबदल झाली होती. चिठ्ठी माझ्या बशीत आली. मी गुपचूप सरांच्या बशीत सरकवली." त्या हसल्या. "पण नाव सरांचंच चालतं. चांगलं चाललंय, कशाला ढवळता? वाटल्यास शेवटी बारीक अक्षरात 'लेखनसाहाय्य' टाकू."

बघा म्हणजे! घरच्यांना ठाऊक, चॅनेलला ठाऊक, आणि सगळे मिळून तिच्या जिवावर टाळ्या घेत होते. स्वतः बाईमाणूस असून या बाईंची जीभ चाचरली नाही. पडद्यावर मुलीला खुर्ची मिळाली की हेच लोक जाहिरातीत 'नारीशक्ती' म्हणून नाचतात. लाज नावाची चीज काही शिल्लक आहे की नाही?

"साहाय्य मी कुणालाच केलं नाही," सून म्हणाली.  "उद्याच्या भागाची पानं माझ्याकडे आहेत. ती देणार नाही. सरांकडून लिहून घ्या."

रात्रभर नवऱ्यानं आधी आरडाओरडा केला, मग तो हातापाया पडला. सकाळी सर कागद घेऊन बसले. दुपारपर्यंत कागदावर 'दृश्य पहिले' एवढंच होतं. तिकडे सेटवर नट रंग लावून ताटकळले आणि संध्याकाळी घरी गेले.

रात्री आठला जुनाच भाग लागला. खाली पट्टी फिरत होती: 'लेखकाची प्रकृती बिघडल्यामुळे आज नवीन भाग दाखवता येत नाही.' सर खुर्चीत मान खाली घालून बसले होते. पाच मिनिटांत बेल वाजली. शेजारच्या काकू धापा टाकत दारात उभ्या होत्या, मागे जिन्यात आणखी चार माणसं.

"अगं, काय झालं सरांना? दवाखान्यात न्यायचंय का?"

नवरा घाईघाईनं पुढे आला. "थोडं बीपी..."

सुनेनं त्याला हातानं बाजूला केलं आणि दार सताड उघडलं.

"सरांना काही झालेलं नाही, काकू. ते बघा, बसलेत. ती मालिका लिहिणारी मी आहे, आणि माझी प्रकृती ठणठणीत आहे."