शाळांनी सगळे ळ खाल्ले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना ळ आहे. हसू नका. अक्षराला कसले आले आयुष्य, असे तुम्हाला वाटेल. पण मी कागदावरचा ळ नव्हे, शिशाचा ळ आहे. आम्हाला खिळे म्हणत. पूर्वी वर्तमानपत्र छापायचे तर असा एकेक खिळा उचलून शब्द जुळवावे लागत. उकळते शिसे साच्यात पडले आणि मी जन्मलो, तोही उलटा. आम्ही सगळेच उलटे असतो. शाई लागून कागदावर पडलो की सुलटे होतो. तेव्हा मी इतका चकचकीत होतो की शेजारचा ण माझ्यावर जळत असे.

एका छोट्या गावच्या दैनिकाच्या छापखान्यात माझी रवानगी झाली. तिथे खणाखणांच्या लाकडी पेटीत प्रत्येक अक्षराला घर होते. आम्हाला जुळवणाऱ्या कारागिराच्या खिशाला कायम चिमटा लटकलेला असे, म्हणून सगळे त्यांना चिमटेदादा म्हणत.

पण मी भारावलो तो दुसऱ्याच माणसाला पाहून. खिडकीजवळच्या पत्र्याच्या खुर्चीत बसून ते दिवसभर छपाईच्या चुका काढत, आणि पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यासाठी रोज चार ओळींची कविता लिहीत. गाव त्यांना चारओळे म्हणे. खरे आडनाव पोस्टमनलाही आठवत नसे.

कविता म्हणजे चंद्र-तारे, असे समजू नका हं. चारओळे नळावरच्या रांगेवर लिहीत, निवृत्त होणाऱ्या कंपाउंडरवर लिहीत, बंद पडलेल्या चौकातल्या घड्याळावर लिहीत. आज त्यांच्या डोक्यात आलेली ओळ उद्या न्हाव्याच्या तोंडी असे. एकदा तर भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना त्यांचीच ओळ सुनावली. ते शब्द आमच्याच अंगावरून कागदावर जात, आणि त्यांत एवढे बळ येते कुठून हे मला काही केल्या कळत नसे. मी आपला थक्क होऊन खणात पडून राही.

त्यांचा सगळ्यात कडक परीक्षक घरीच होता. बायकोला ते कविता आधी कधी दाखवत नसत. ती सकाळी दारातला पेपर उचलून उभ्या उभ्या चार ओळी वाची आणि निकाल देई, "दुसरी ओळ लंगडतेय." चारओळे छापखान्यात येऊन हे कौतुकाने सांगत. साऱ्या गावावर लिहिणाऱ्या या माणसाने तिच्यावर मात्र एक ओळ कधी लिहिली नव्हती.

आता थोडे माझ्याविषयी. ळ कमी पडले की चिमटेदादा नाइलाजाने ल लावत आणि घोळ होई. एकदा 'नगराध्यक्षांनी स्वतः उतरून गाळ काढला' ऐवजी 'गाल काढला' असे छापून आले. बिचारे नगराध्यक्ष आठवडाभर तोंड लपवून हिंडत होते. तेव्हापासून आम्हा ळ मंडळींना फार जपत. पण एकदा मी हातातून निसटून फरशीवर आपटलो. माझ्या एका वेटोळ्याचा टवका उडाला, आणि माझी रवानगी मोडीच्या डब्यात झाली. मोडीतले खिळे पुढे वितळवतात. कुणी माझी विचारपूस केली नाही. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू.

मग तो दिवस उजाडला. दुपारी चारओळे आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"उद्याची जागा राखून ठेवा," ते म्हणाले. "हिला दवाखान्यात ठेवलंय. पोटात गाठ आहे, काढायलाच हवी. ही म्हणते, मला कापाकापी नको, व्हायचं ते घरी होऊ दे. उद्या सकाळी हो म्हणाली तर ठीक. नंतर काही उपयोग नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात."

"मग समजवा की वहिनींना," चिमटेदादा म्हणाले.

"समोर बसलो की तोंडाला कुलूप लागतं हो. इतका वेळ बसलो आणि विचारलं काय, तर गोळी घेतलीस का. पण पेपर ती तिथेही वाचणार. तेवढी एकच वाट आहे."

चिमटेदादांनी कागद पाहिला. काळ, वेळ, खेळ, मेळ, जिवाचा पीळ. प्रत्येक ओळ आमच्याच जातीच्या शब्दांनी भरली होती. त्यांनी डोक्याला हात लावला.

"आज निकालांचं पान आहे. जिकडेतिकडे शाळा, शाळा आणि शाळा. सगळे ळ शाळांनी खाल्ले, आणि ते पान मशीनवर चढलंय. आता शाळा सुटल्याशिवाय ळ सुटायचे नाहीत. ल लावू का?"

"ल लावलात तर ती हसेल."

"हसल्या तर बरंच की."

"हसेल आणि नाही म्हणेल," चारओळे म्हणाले.

चिमटेदादांनी मोडीचा डबा टेबलावर उपडा केला. मी घरंगळत बाहेर आलो. "हा एक आहे. टवका उडालाय, पण उमटेल."

"एकच?"

"एकच."

चारओळे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उभ्यानेच पेन्सिल काढली. मित्रांनो, त्यानंतर मी जे पाहिले ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्यांनी काळ खोडला, वेळ खोडली, खेळ संपवला, पीळ सोडवला. आयुष्यभर ज्यांच्या जिवावर टाळ्या मिळवल्या ते सगळे शब्द त्यांनी एकेक करून टाकून दिले. शेवटी कागदावर एवढेच उरले:

मलाही वाटते भीती, फक्त बोलत नाही,
तुझ्याविना या घरात काही चालत नाही.
तू आत जा निर्धास्त, मी दाराशी थांबेन,
हात सुटला तरीही जवळच असेन.

त्या 'जवळ'मध्ये मला बसवले. मशीनचा दाब आला तेव्हा मी उरल्यासुरल्या अंगाने कागदाला घट्ट चिकटलो. इतकी भीती मला उकळत्या शिशातही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पत्र्याची खुर्ची रिकामी होती. चिमटेदादांचे कामात लक्ष नव्हते. सारखे दाराकडे बघत होते. दुपार कलल्यावर चारओळे आले आणि खुर्चीत बसले.

"पेपर वाचला. घडी केली. म्हणाली, चला, कुठे सही करायची ती," त्यांनी सांगितले. "गाठ निघाली. बरी आहे."

काही आठवड्यांनी ती स्वतः छापखान्यात आली. चालताना अजून पोटावर हात होता.

"चौथ्या ओळीतलं एक अक्षर पुसट होतं," ती चिमटेदादांना म्हणाली. "ते बघायचंय मला."

त्यांनी त्या दिवशीच्या ळ-टंचाईची हकिकत सांगत मला तिच्या तळहातावर ठेवले. तिने मला उलटसुलट करून पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले.

"इतकी वर्षं पेटीत ळ भरपूर होते," ती म्हणाली. "तेव्हा नाही सुचलं हे?"

चारओळे चष्मा पुसत राहिले. तिने मला मोडीत टाकू दिले नाही. बटणांच्या डबीत घालून घरी नेले. आता तो छापखानाही नाही आणि खिळेही नाहीत. मी मात्र त्या डबीत आहे.

मित्रांनो, तुमच्या तोंडातले ळ झिजत नाहीत, त्यांचा टवका उडत नाही, शाळा ते पळवत नाहीत. जवळच्या माणसांना सांगायचे ते आजच सांगा. एकच उरेपर्यंत थांबू नका.