अ‍ॅम्पची घरघर

“डोळे मीट आणि सांग. हा... की हा?”

नवऱ्याने गिटारची तार छेडली, वाकून तिच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे काहीतरी खुडबुड केली आणि पुन्हा तीच तार छेडली. ती दारात उभी होती. कडेवर आठ महिन्यांची ठमी, खांद्यावर दुधाने आंबलेलं फडकं आणि गॅसवर भाजी. डोळे मिटण्याइतकी उसंत तिला सकाळपासून मिळाली नव्हती, तरी तिने मिटले.

“दोन्ही सारखेच आहेत.”

“सारखे? अगं, कानात बोळे घातलेत का? पहिला कोरडा ठणठणीत होता. दुसऱ्याला बघ कशी ऊब आहे!”

“ऊब गॅसवर आहे. भाजी करपतेय,” ती म्हणाली आणि आत गेली.

हे गेली तीन वर्षं चाललं होतं. नवरा सकाळी रेकॉर्डिंगला वाजवायचा, संध्याकाळी क्लासात मुलांना गिटार शिकवायचा आणि मधला सगळा वेळ ‘तो आवाज’ शोधायचा. एकोणीस वर्षांचा असताना कुठल्याशा हॉलमध्ये, कुणाच्या तरी उसन्या अ‍ॅम्पमधून, एका गाण्याच्या शेवटी तो आवाज त्याला म्हणे सापडला होता. पुढच्या गाण्याला तो गेला. तेव्हापासून घरात चार अ‍ॅम्प येऊन गेले. तारा बदलल्या, केबली बदलल्या, स्पीकर बदलले. अ‍ॅम्प कपाटात ठेवून पाहिला, न्हाणीघरात ठेवून पाहिला. ‘मागून घुमतोय’ म्हणून एकदा ठमीची रजईसुद्धा त्याच्या पाठीत कोंबली गेली, आणि ती शोधता शोधता ठमीच्या आईच्या नाकी नऊ आले. बरं, भांडावं तर माणूस भांडतही नाही! “एवढं एक झालं की बस,” म्हणतो आणि हसतो. त्या एवढ्याला शेपूट फुटतं आणि घोडं पुन्हा पेंड खातं.

सध्याचा पाचवा अ‍ॅम्प त्यातल्या त्यात त्याच्या मनात भरला होता. जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेला, दोन माणसांनी उचलावा असा जडशीळ. त्याला एकच खोड होती. बटण दाबलं, की कुणी वाजवो न वाजवो, तो घरघरायचा. जेवून आडव्या झालेल्या म्हाताऱ्यासारखा. आणि हा तो बंदही करू देत नसे. “व्हॉल्व्ह थंड-गरम झाले की मरतात,” म्हणे. सकाळचा रियाज झाल्यापासून क्लासला निघेपर्यंत अ‍ॅम्प आतल्या खोलीत घरघरत पडलेला असे. त्याच खोलीत ठमीचा पाळणा. घरात खोल्याच दोन; करता काय?

तीन महिने तिने त्या घरघरीला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

म्हणून सोमवारी सकाळी रेडिओकाका पिशवी घेऊन आले तेव्हा तिनेच हौसेने चहा टाकला. रेडिओकाका हे जुने दुरुस्तीवाले. चष्म्यावर दुसरा चष्मा लावून काम करायचे आणि कामाव्यतिरिक्त अक्षर बोलायचे नाहीत. त्यांनी अ‍ॅम्पचं पोट उघडलं, अंगठ्याएवढा एक कंडेन्सर उपटून काढला, त्याजागी नवा जोडला, चार ठिकाणी सोल्डर मारला, मागची फळी घट्ट बसवली आणि बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही.

“चालू आहे?” तिने विचारलं.

नवऱ्याने गिटार जोडली, एकच सूर वाजवला आणि तो विरेपर्यंत डोळे मिटून बसून राहिला. डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. “हाच,” तो म्हणाला. “काका, हाच तो.”

“मग आता मला डोळे मिटायला लावणार नाहीस ना?” ती म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं. सुटलो एकदाचे! शिवाय शांतता तिला हवीच होती. शुक्रवारी पाचच्या आत सहावीच्या भूगोलाची प्रुफं तपासून द्यायची होती. पानं दोनशे बारा, झालेली एकसष्ट. ठमीच्या वेळी कायमची नोकरी सुटली होती. त्यानंतर संपादकबाईंनी विश्वासाने दिलेलं हे पहिलं काम. “हे वेळेत आलं तर पुढची सगळी पुस्तकं तुमच्याकडेच,” असं बाई म्हणाल्या होत्या, आणि थोडं थांबून, “नाही आलं तर मात्र माझाही नाइलाज आहे हं,” असंही. काम कधी करायचं, तर ठमी झोपते तेव्हा. ठमी रोज एक ते साडेतीन झोपायची. घड्याळ लावून घ्यावं अशी.

सोमवारी ठमी झोपली नाही.

एकला पाळण्यात ठेवली, दीडला रडून उठली. थोपटली, झोका दिला, मांडीवर घेतली. डोळे मिटायचे आणि काहीतरी हरवल्यासारखे टक्कन उघडायचे. साडेतीन वाजता आईच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या आणि भूगोल एकसष्टाव्या पानावरच होता. मंगळवारी तेच. तिने आईला फोन लावला.

“दात येत असतील गं,” आई म्हणाली. “तू काय कमी छळलंयस मला?”

दात नव्हते. तिने बोट घालून तीनदा पाहिलं. पोट मऊ, ताप नाही, शी नेहमीसारखी. हे सगळं तिने वहीत लिहिलं. ठमी जन्मल्या दिवसापासून ही वही चालू होती: दूध किती वाजता, झोप किती वाजता, शू, शी, शीचा रंग. “एवढी नोंद हवामान खातंही ठेवत नाही,” असं नवरा म्हणायचा. म्हणेना का. लेकराला काय होतंय ते लेकरू सांगत नाही, मग कुणीतरी लिहायला नको?

बुधवारी तिने ठमीला डॉक्टरांकडे नेलं. मनात नाही नाही ते येत होतं. डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, कान पाहिले, ठमीने त्यांची नळी ओढली, त्यावर त्या हसल्या.

“ठणठणीत आहे. घरात काही बदललंय का? जागा, माणसं, दिवा?”

“नाही हो. सगळं तेच आहे.”

“मग तुम्ही झोपा जरा,” बाई म्हणाल्या. असा सल्ला फुकट का देतात, ते तिला घरी येताना कळलं. तो अमलात आणता येत नाही म्हणून.

त्या दुपारी ठमी पुन्हा रडली. नवरा लांब केबलीने गिटार बाहेरच्या खोलीत आणून आपल्या सापडलेल्या आवाजावर हलकेच बोटं फिरवत होता. ती बाहेर येऊन म्हणाली, “एक सूर काढलास तर तारा कापून टाकीन.”

“अगं, तीन वर्षांनी सापडलाय...”

“माझी सहा पानं झालीत. सहा! तीन दिवसांत!”

गुरुवारी सकाळी ठमीला भरवताना तिने वही मागून पुढे चाळली. रविवार, एक ते तीन पस्तीस. शनिवार, एक दहा ते साडेतीन. एक रविवार मात्र मागे होता, तीन आठवड्यांपूर्वीचा, त्यात ‘झोप नाही, कारण?’ असं लिहिलेलं. समोर तिच्याच अक्षरात: वीज गेली होती, बारा ते चार.

तिने चमचा खाली ठेवला. ठमीने तो उचलून कपाळाला भात फासला.

“ऐक,” ती नवऱ्याला म्हणाली. “तो अ‍ॅम्प पुन्हा बिघडव.”

“काय?”

“ठमी त्या घरघरीवर झोपायची. पाच महिन्यांची होती तेव्हापासून. वीज गेली तेव्हा झोपली नाही, आणि सोमवारी काकांनी दुरुस्त केल्यापासून झोपत नाही. हे बघ, लिहिलंय.”

नवऱ्याने वही पाहिली. वहीकडून अ‍ॅम्पकडे पाहिलं. एखाद्याला दुपारी जेवायला बोलावून त्याचंच घर पाडायला सांगावं, तसा त्याचा चेहरा झाला. “पंखा लाव ना,” तो म्हणाला.

पंखा लावला. ठमी रडली. पाळणा फ्रिजजवळ नेला. फ्रिज दहा मिनिटं गुरगुरला आणि नेमकी डोळा लागताना गप्प झाला. मग नवऱ्याला मोबाइलवरचं जुनं रेकॉर्डिंग आठवलं. आपला प्रत्येक खोकलासुद्धा तो रेकॉर्ड करून ठेवायचा. ते त्याने अ‍ॅम्पमधून लावलं, तर खोलीभर डास भणभणल्यासारखं झालं.

“मोबाइलच्या माइकला खालचा आवाज पकडता येत नाही,” तो समजावू लागला. “त्याचं काय आहे, की...”

“जुना कंडेन्सर कुठाय?”

गिटारवाले काही टाकत नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. तुटकी तारसुद्धा डबीत जाते. कंडेन्सर त्याच डबीत निघाला, रुमालात गुंडाळलेला.

“आज गुरुवार आहे,” ती म्हणाली. आवाज चढवायला तिच्यात जोर उरला नव्हता. “उद्या पाचला भूगोल द्यायचाय. नाही दिला तर हेही काम गेलं, आणि पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायला माझ्याकडे तोंड नाही. तुला तुझा आवाज सापडला. मला माझे अडीच तास दे.”

त्याने रेडिओकाकांना फोन केला. काका आले, म्हणणं ऐकून घेतलं, दोन्ही चष्मे काढून तिच्याकडे पाहिलं आणि चाळीस वर्षांच्या धंद्यातलं बहुधा सर्वांत लांब वाक्य बोलले. “चांगला केलेला बिघडवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आजच पाहिलं.” मग जुना कंडेन्सर परत बसवला आणि गेले.

बटण दाबलं. घरघर आली. पावणेएकला ठमीला पाळण्यात ठेवलं. तिने हातपाय झाडले, अ‍ॅम्पकडे मान वळवली, दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि भोकाड पसरलं.

“झालं!” नवरा म्हणाला. “म्हणजे घरघरीचं कारणच नव्हतं. उगाच माझा...”

“थांब,” ती म्हणाली. ती अ‍ॅम्पसमोर खाली बसली होती. “ही ती नाही.”

“अगं, तोच कंडेन्सर आहे.”

“असेल. ही घरघर सपाट आहे. आधीच्या घरघरीत एक बारीक थरथर होती. कशी सांगू... वाटीत चमचा राहिल्यासारखी.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “डोळे मीट आणि ऐक.”

त्याने डोळे मिटले. “मला तर तशीच वाटतेय.”

“कानात बोळे घातलेत का?”

तिने अ‍ॅम्प भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. नाही. पुन्हा मागे ढकलला. नाही. खाली पाट ठेवला, काढला. ठमी एका हाताने पाळण्याचा कठडा हलवत रडत होती आणि घड्याळ एक वीस दाखवत होतं. नवरा “अगं, एवढं काय त्यात” म्हणू लागला आणि हे वाक्य तीन वर्षं तीच आपल्याला ऐकवत आलीय हे आठवून मधेच थांबला. तिने अ‍ॅम्पच्या कडेवरून तळहात फिरवत नेला. वर, बाजूला, मागे. मागच्या फळीशी हात थांबला.

“काकांनी ही फळी आवळली होती.”

“हो. ढिली होती. खुळखुळायची.”

“तेच ते!”

स्क्रूड्रायव्हर शोधायला वेळ नव्हता. ठमीचा भरवायचा चमचा तिथेच पडला होता. तिने त्याचं टोक डावीकडच्या वरच्या स्क्रूत घातलं. अर्धा फेरा. फळी खडखडली, जास्त झालं. पाव फेरा परत. आता घरघरीच्या पोटात ती बारीक थरथर आली, इतकी बारीक की नसेल असं वाटावं. तिला मात्र ती लख्ख ऐकू आली.

ठमीचं रडणं एका हुंदक्यावर अडकलं. तिने मान वळवली. मूठ तोंडात घातली. एक पंचवीसला झोपली.

कुणीही हललं नाही. मग ती चवड्यांवर बाहेर आली, भूगोल उघडला आणि अडुसष्टाव्या पानावर पेन्सिल टेकवली. स्वयंपाकघरात नवरा ओट्याला टेकून, कुठेही न जोडलेली गिटार घेऊन बसला. तारा नुसत्या टिकटिकत होत्या.

“मी वाजवू कधी?” त्याने कुजबुजत विचारलं.

“ती उठल्यावर.”

“आणि माझा आवाज?”

“नवा कंडेन्सर डबीत आहे. ठमी मोठी झाली की बसव,” ती म्हणाली आणि नदीच्या चुकलेल्या वेलांटीवर खूण केली. त्याचा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण दीडशे पानं बाकी होती. वाईट वाटून घ्यायला शनिवार मोकळा होता.

गुरुवारी ठमी साडेतीनपर्यंत झोपली. शुक्रवारी तर पावणेचारपर्यंत. पाचला दहा कमी असताना भूगोल गेला. संपादकबाईंचं उत्तर आलं: “पोचलं. सोमवारी सातवीचा इतिहास पाठवते.” तिने ते दोनदा वाचलं, मग उठून नेलपॉलिशची बाटली शोधली आणि अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूवर व फळीवर मिळून एक लाल रेघ ओढली. स्क्रू जरा हलला तर रेघ तुटलेली दिसेल.

“अ‍ॅम्पला नेलपॉलिश!” नवरा डोकं धरून म्हणाला. “कुणी पाहिलं तर?”

“पाहू दे.”

सोमवारी दुपारी ती इतिहासाचं पहिलं पान लावत होती. ठमीला पाळण्यात ठेवून नवरा बाहेर आला. ती क्षणभर थांबली. पेन्सिल खाली ठेवली. मान जरा तिरकी केली.

“तू स्क्रूला हात लावलास.”

“नाही गं. म्हणजे... खुळखुळ जरा कमी व्हावी म्हणून अगदी पाव फेरा. सकाळी, रियाजाला. परत होता तसा केलाय.”

“नाही केलास.”

तो आत गेला, वाकून पाहून आला. रेघ केसभर तुटली होती.

“मला तर काहीच फरक जाणवत नाही,” तो म्हणाला.

तिने चमचा उचलला आणि आत गेली.