ऑक्सिजनची बारीक रेघ

"सर, ही रेघ ऑक्सिजनची नाही," मोजणीताई म्हणाल्या, आणि सरांचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

वेधशाळेच्या या कार्यालयात ताई बावीस वर्षं दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश मोजत होत्या. प्रकाश फाकवला की त्यात एकेका वायूची रेघ उमटते. ऑक्सिजनची एक फार बारीक रेघ असते. ऑक्सिजन वायूला थंड करतो, म्हणून ती जितकी ठळक, तितका वायू तापलेला आणि ऑक्सिजन कमी. आकडे ताईंचे, शोधनिबंध सरांचे, अशी वाटणी होती. ताईंचं नाव शेवटी आभारात यायचं. यंदा मात्र एका दीर्घिकेत विक्रमी कमी ऑक्सिजन निघाला आणि सरांनी त्यांना लेखकांत घेतलं. ताईंच्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने साऱ्या गणगोतात दवंडी पिटली होती. निबंध आज चारला जायचा होता.

"मग कसली आहे?"

"खालच्या गावातल्या रस्त्याच्या दिव्यांची. पाऱ्याचे दिवे आहेत, त्यांची रेघ अगदी शेजारी पडते. एरवी आपण रिकाम्या आकाशाचा प्रकाश वजा करतो, तेव्हा ती जाते. पण दीर्घिका रात्री साडेदहाला टिपलेली, आणि मी वजा केलेलं आकाश रात्री एक वाजताचं. गावातले दिवे बाराला बंद होतात."

"हे आत्ता सांगताय?"

"वेळा आत्ता पाहिल्या." ताईंना स्वतःचाच संताप आला होता. इतक्या वर्षांत एकदाच कंटाळा केला, आणि तोही नेमका इथे.

सर हळू आवाजात म्हणाले, "अहो, वेळा कोण बघतंय? मोजणीची वही तुमच्याच कपाटात असते ना?"

"म्हणून तर सांगतेय."

"ती दीर्घिका काढली तर निबंधात उरतं काय? आणि तुमचं नाव कशाच्या जोरावर ठेवू मी?"

ताईंना पुष्कळ बोलायचं होतं. बाकीचे सगळे आकडे कोणाचे, हे विचारायचं होतं. पण चूक आपली असली की जीभ रेटत नाही. "काढा," एवढंच त्या चिडून म्हणाल्या.

चारला नवऱ्याचा फोन आला. "गेला का निबंध?"

"गेला. नाव आभारात आहे."

"मी सगळ्यांना सांगून बसलोय गं."

"माहितेय मला."

मोजणीच्या वहीत खाडाखोड करणाऱ्याने शेजारी पूर्ण नाव लिहायचं, असा तिथला नियम होता. ताईंनी विक्रमी आकड्यावर काट मारली, आणि समासात आपलं नाव ठळक, सुवाच्य अक्षरांत लिहिलं.