बोटभर आखूड कल्ला

नर्सबाईंची सकाळ साडेपाचला सुरू होई. पाणी उकळेपर्यंत त्या दोरीवरचे धुतलेले मास्क काढून घडी घालत. मग पिशवीत ताप मोजायचं यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा, वही आणि दोन पेनं ठेवत. दोन अशासाठी, की एक कुणीतरी सही करून खिशात घालून नेणारच. सव्वासहाला दवाखान्याच्या दोन्ही खोल्या झाडून झाल्या की त्या सायकल बाहेर काढत. त्या मंगळवारीही सगळं असंच झालं. फक्त सायकलवर टांग टाकताना फोन वाजला. गावच्या न्हाव्याच्या तपासणीचा निकाल आला होता. त्याला साथीची लागण झाली होती.

वास्तविक न्हाव्याचं दुकान दीड महिना बंद होतं. गावसमितीचे अध्यक्ष अण्णा यांनी स्वतः कुलूप घालून किल्ली खिशात टाकली होती. रविवारी रात्री ताप भरल्यापासून न्हावी शाळेच्या शेवटच्या खोलीत एकटा राहत होता. नर्सबाई त्याच्या खिडकीपासून चार हात लांब उभ्या राहिल्या.

“मामा, या आठवड्यात कुणाकुणाचे केस कापलेत?”

“दुकानाला कुलूप आहे, बाई.”

“मी दुकानाचं नाही, डोक्यांचं विचारतेय.”

न्हाव्याने छताकडे पाहिलं. “बाई, न्हाव्याचा वस्तरा आणि न्हाव्याची जीभ, दोन्ही मिटून ठेवायच्या वस्तू. मी नावं सांगितली तर उद्या माझ्यापुढे मान कोण वाकवेल?”

“आणि त्यांच्यापैकी कुणाच्या घरातलं म्हातारं माणूस दगावलं तर?”

तो बराच वेळ खोकला. त्यातला अर्धा खोकला विचार करण्यासाठी होता.

“नाव सांगणार नाही. आकडा सांगतो. रविवारी, बारा डोकी.”

“कुठे कापलेत?”

“डोकी मोजा, बाई. गोठे मोजू नका.”

नर्सबाईंनी सायकल शिवाराकडे वळवली आणि कालपासून डोळ्यांना खुपणारी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ऊन असं की ढेकूळ हातात धरवत नव्हतं, आणि अर्ध्या गावाने कानटोप्या चढवल्या होत्या. गिरणीवाल्याने डोक्याला मफलर गुंडाळला होता. ट्रॅक्टरवाला तर हेल्मेट घालून नांगरट करत होता.

“हेल्मेट कशाला रे बाबा? शेतात कोण धडकणार आहे तुला?”

“नियम म्हणजे नियम, बाई.”

“बरं. काढ जरा, ताप बघायचाय.”

“मनगटावर बघा की.”

“हे यंत्र कपाळच मागतं.”

हेल्मेट निघालं. आतलं डोकं पेरणीआधीच्या रानासारखं स्वच्छ होतं.

“बायकोने कापले,” तो घाईने म्हणाला.

नर्सबाईंनी त्याच्या कानांकडे पाहिलं. न्हाव्याची मान जन्मापासून डावीकडे कललेली होती. त्यामुळे त्याच्या हातून डावा कल्ला नेहमी बोटभर आखूड होई. गावातली लग्नाची झाडून सगळी छायाचित्रं त्याला साक्ष होती.

“तुझ्या बायकोची मानही वाकडी झाली का रे?”

ट्रॅक्टरवाल्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं. “चार दिवस शाळेत राहायचं, एवढंच ना? पण बाई, एकट्याला नका पाठवू. गिरणीवाल्याचा मफलर सोडून बघा.”

मग काय, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं. गिरणीवाल्याने दूधवाल्याकडे बोट दाखवलं. दूधवाला डोक्यावरची घागर उतरवेना. शेवटी त्याच्या म्हशीनेच रेटा देऊन ती खाली आणली. त्याने सुताराचं नाव घेतलं, सुताराने दोन्ही मेहुण्यांचं, मेहुण्यांनी आणखी पाच जणांचं. बायका दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. “घेऊन जा, बाई,” सुताराची बायको म्हणाली, “चार दिवस चहाची फर्माईश तरी ऐकू येणार नाही.”

दहा वाजेपर्यंत शाळेच्या मोठ्या खोलीत अकरा डोकी अंतरा-अंतराने बाकांवर बसली होती. प्रत्येकाचा डावा कल्ला बोटभर आखूड. समोरच्या फळ्याकडे बघण्यापेक्षा ती एकमेकांच्या कानांकडे बघून खिदळत होती. नर्सबाईंनी दारावरच्या पाटीवर खडूने लिहिलं : ‘आत – ११’.

एक कमी होतं.

तेवढ्यात फाटकाशी अण्णा आले. तोंडाला मास्क, डोक्याला कानापर्यंत घट्ट फेटा.

“लाज नाही वाटत?” त्यांनी दारातूनच सुरुवात केली. “हुकूम कुणासाठी काढला होता? म्हशींसाठी?”

खोली एकदम शांत झाली. कुणी हसेना, कुणी वर बघेना. ती शांतता नर्सबाईंनी ऐकली आणि डोकी कुणाच्या गोठ्यात कापली गेली, हे कोडं त्यांना सुटलं. पण अण्णांच्या फेट्याला हात घालण्याचा अधिकार त्यांना कोणत्याही कागदाने दिला नव्हता. शिवाय त्यांच्यापुढे प्रश्न फेट्याचा नव्हताच. अण्णांची आई नव्वदीची होती, अंथरुणाला खिळलेली. आणि अण्णा तिला दोन्ही वेळा स्वतःच्या हाताने भरवत. दुसऱ्या कुणाच्या हातून ती घासही घेत नसे.

नर्सबाईंनी यंत्र पिशवीत ठेवून दिलं.

“अण्णा, मी आता आईंना चिमटा लावायला तुमच्याकडेच निघालेय. तेवढं एक सांगा, आज दुपारी त्यांना कोण भरवणार?”

 अण्णांनी मैदानापलीकडच्या आपल्या घराकडे पाहिलं. ओसरीवरच्या खाटेचा एक खूर तिथून दिसत होता.

“ती तोंड उघडत नाही, बाई,” ते हळू म्हणाले. “आधी थोडं गाणं म्हणावं लागतं. कुठलंही चालतं.”

“सूनबाईंना सांगते. नाहीतर मी म्हणेन.”

“तुमचा आवाज?”

“चांगला नाही.”

“माझाही नाही,” अण्णा म्हणाले.

त्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. फेटा उतरवून खुंटीला अडकवला. मग पाटीवरचा अकराचा आकडा तळहाताने पुसला, खडू उचलून त्या जागी बारा लिहिला आणि आत गेले.

ट्रॅक्टरवाल्याने पुढचा रिकामा बाक पायाने जरा सरकवून दिला.