मनगटावरची गाठ

मी मार्गिलान या रेशमाच्या गावातल्या एका दवाखान्यातला जुना ऑक्सिमीटर आहे, मित्रांनो. बोटाला लावायचा चिमटा म्हणा हवं तर. माझी कमान सैल झाली, तेव्हा मस्तुरा परिचारिकेनं तिला चिकटपट्टी गुंडाळली. दिसायला मी लंगडा, पण कामाला चोख.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते थेट एका खोकणाऱ्या आजोबांच्या बोटावर. साथीच्या दिवसांत माझ्यासाठी रांगा लागत. पुढे मोठ्या पडद्यांची यंत्रं आली आणि मी कापसाच्या बोळ्यांसोबत खणात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग इथं मनगटातून हृदयाची तपासणी सुरू झाली आणि मस्तुराला माझी आठवण झाली. पंजाला रक्त नेणाऱ्या दोन वाटा असतात. एक अंगठ्याकडून, दुसरी करंगळीकडून. डॉक्टर अंगठ्याकडच्या वाटेनं बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि नंतर तिथं हवेचा पट्टा बांधतात. पट्टा ढिला पडला तर रक्त येतं, फार आवळला तर आत रक्त साकळून वाटच बुजते. मी बोटावर बसून पडद्यावर लहानशी लाट दाखवतो. लाट आहे म्हणजे रक्त चालू आहे.

एका सकाळी उस्ता, म्हणजे उस्ताद, सोतवोल्दी आले. रंगवण्याआधी रेशमाचे ताणे, म्हणजे उभे धागे, बांधणारा त्यांच्यासारखा कारागीर गावात दुसरा नव्हता. जिथं रंग नको तिथं दोरा असा आवळायचे, की ताणा रंगाच्या हौदात बुडवला तरी आत थेंब शिरत नसे. त्यांची बायको ओयिमखोन चाळीस वर्षं दोऱ्याचं दुसरं टोक धरत आली होती.

तपासणी नीट पार पडली. मस्तुरानं पट्टा बांधला, मला त्यांच्या अंगठ्यावर बसवलं, हात हलवू नका म्हणून बजावलं आणि ती दुसऱ्या रुग्णाकडे गेली. थोड्या वेळानं पट्ट्याखालून डाळिंबाच्या दाण्याएवढा रक्ताचा थेंब डोकावला. उस्तांनी भुवया चढवल्या. ढिली गाठ त्यांच्या डोळ्यांना कधीच सोसवत नसे. त्यांनी खिशातला दोरा काढला, एक टोक दातात धरलं आणि डाव्या हातानं मनगटाला सात वेढे देऊन आपली नावाजलेली गाठ मारली. थेंब थांबला. माझी लाटही थांबली.

मी ओरडायला लागलो. ओयिमखोन म्हणाली, हे डबडं तुमच्याइतकंच म्हातारं झालंय आणि तुमच्यासारखंच उगाच कुरकुरतंय. तिनं मला काढून खिडकीत चहाच्या किटलीशेजारी ठेवलं. उस्तांच्या बोटांना मुंग्या येत होत्या, पण जन्मभर दोरे आवळणाऱ्याला मुंग्यांचं काय नवल?

मस्तुरा परतली. तिनं बोटं चाचपली. ती गार पडली होती.

"काय करून ठेवलंत, उस्ता?"

"रक्त येत होतं, पोरी. तुझी गाठ ढिली होती. मी नीट केली."

तिनं मला पुन्हा अंगठ्यावर लावलं. सरळ रेघ. यंत्र बिघडलंय, असं ओयिमखोन म्हणाली. मस्तुरानं मला स्वतःच्या बोटावर लावलं आणि माझी लाट लगेच उसळली.

"यंत्र ठीक आहे, खाला. हात बिघडतोय."

गाठ सुटता सुटेना. शेवटी दोरा कापावा लागला. पंजा हळूहळू गुलाबी झाला, माझी लाट परतली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र नाही. मस्तुरानं पट्ट्यातली थोडी हवा काढून करंगळीकडची वाट दाबली आणि माझी लाट पुन्हा निजली. अंगठ्याकडून रक्त येतच नव्हतं, पंजा एकाच वाटेवर जगत होता.

"बोटं तर हलतायत," उस्ता म्हणाले.

"हात जगेल. पण अंगठ्याकडची ही वाट बुजली, तर पुढं इथून हृदयाकडं जाता येणार नाही. आणि बारीक कामात अंगठा थकणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

उस्ता आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, करंगळीकडची वाट तासभर दाबून ठेवा, म्हणजे रक्त अंगठ्याकडच्या वाटेनं जोर करील. ओयिमखोननं हात पुढं केला. मस्तुरानं जागा दाखवली आणि ओयिमखोननं तिथं अंगठा टेकवला. अर्धा तास माझ्या पडद्यावर रेघच होती. किटली गार झाली. मग रेघेला एक बारीक उंचवटा आला, पाठोपाठ दुसरा, आणि तास भरायच्या आत माझी लाट चालू लागली. ओयिमखोननं हात काढला नाही. तिचे डोळे भरले होते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कुणाच्या मनगटावर असा पट्टा असेल, तर तो स्वतः घट्ट करू नका. रक्त दिसलं, बोटं गार पडली किंवा बधिर झाली, तर लगेच डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलवा. आणि आमच्यासारखं जुनं यंत्र ओरडलं, तर आधी हात बघा, मग आम्हाला नावं ठेवा.

महिन्याभरानं उस्ता आले. त्यांनी माझ्यासाठी रेशमाची लहानशी पिशवी आणली होती, तांबड्या-निळ्या रंगाची. मस्तुरानं नाडीचं टोक जरासं ओढलं आणि गाठ अलगद सुटली.

"ही मुद्दाम ढिली मारलीय," उस्ता म्हणाले.